एक घर, पुढे दोन बिऱ्हाडं: कोकणात बांधताना आजच काय ठरवावं

गावी नवं घर बांधायला निघालेल्या कुटुंबात चित्र बहुधा सारखंच असतं. आईवडील गावात, एक मुलगा जवळपास नोकरीला, दुसरा मुंबई-पुण्याकडे. आज एक स्वयंपाकघर सगळ्यांना पुरतं. दहा-पंधरा वर्षांनी दोन चुली होतील, किंवा वरचा भाग भाड्याने द्यायची वेळ येईल, हे सगळ्यांना दिसत असतं. तरी नकाशा काढताना ‘ते पुढचं पुढे बघू’ म्हणून विषय मिटवला जातो. पुढे बघायला जावं तर जिना दिवाणखान्याच्या मधोमध आलेला असतो, वरच्या संडासाचा पाइप खालच्या न्हाणीघराच्या छतातून गेलेला असतो, आणि मीटर स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर.

भिंत केव्हाही घालता येते. जिना, सांडपाणी, विजेची मुख्य वायर आणि वाळवीसारखा न दिसणारा कागदपत्रांचा घोळ, या चार गोष्टी मात्र नंतर सरळ करायला फार जड जातात. म्हणून नकाशावरच्या प्रत्येक गोष्टीला एकच कसोटी लावावी: उद्या दोन घरं झाल्यावर एका घरातली दुरुस्ती दुसऱ्या घरात पाऊल न टाकता करता येईल का? नळ, चोकअप, मीटर, टाकीचा कॉक, कौल, सगळ्यांना हीच कसोटी. ज्या गोष्टीचं उत्तर ‘नाही’ येतं, ती आज कागदावर हलवावी.

वर-खाली की शेजारी-शेजारी

सपाट आणि रुंद जागा असेल, म्हणजे रस्त्याच्या बाजूने साठ-सत्तर फूट मिळत असतील, तर शेजारी-शेजारी दोन घरं हा राहायला सगळ्यांत सुखाचा प्रकार. दोघांनाही जमीन, दोघांनाही मागील दार आणि परसू, म्हातारपणी कुणालाच जिना नाही. मात्र प्रत्येक घराला आतून निदान वीस फूट रुंदी हवी. त्याहून कमी असेल तर खोल्यांची आगगाडी होते आणि मधल्या खोलीत वारा फिरत नाही.

गावात जागा पाच-सहा गुंठ्यांची असते, त्यात विहीर, चार नारळ, दोन कलमं. तिथे वर-खालीच करावं लागतं. पण कोकणातली जमीन क्वचितच सपाट असते आणि हा उतार इथे फायद्याचा आहे. रस्ता वरच्या अंगाला आणि जागा खाली उतरत असेल, तर वरच्या मजल्याचं दार थेट रस्त्याच्या पातळीला काढता येतं आणि खालच्या घराचं दार खालच्या अंगणात. एका मजल्याची उंची साधारण ३.२ मीटर धरा. घराच्या खोलीत उतार तेवढा असेल तर जिन्याशिवाय दोन स्वतंत्र घरं होतात. मग आतला जिना फक्त कुटुंब एकत्र असेतो वापरायचा, त्यामुळे तो साधा आणि अरुंद चालतो. मात्र डोंगराकडच्या बाजूला खालच्या घराची भिंत मातीला टेकवू नये. मातीची वेगळी संरक्षक भिंत बांधून घर आणि ती भिंत यांत निदान एक मीटरची मोकळी घळ ठेवावी, तळाला गटार काढावं आणि संरक्षक भिंतीत पाणी झिरपायला पाइप सोडावेत. जांभा, म्हणजे ज्याचे चिरे काढतात तो तांबडा दगड, पाणी पितो. माती टेकलेली चिऱ्याची भिंत जूनपासून दिवाळीपर्यंत ओली राहते आणि त्या बाजूच्या खोल्यांत कपाटाला बुरशी धरते.

आता तळमजला बांधू, वरचा मजला पुढे चढवू, हा बेत किनाऱ्यावर शक्यतो टाळावा. कॉलमच्या सळया स्लॅबच्या वर उघड्या सोडल्या की खाऱ्या हवेत त्या पाच-सात वर्षांत सोलून निघतात आणि गंज स्लॅबच्या आत उतरतो. शिवाय पावसासाठी तळमजल्यावर पत्रा किंवा कौलांचं छप्पर घालावंच लागतं, ते पुढे काढून टाकायचं. जमेल तर दोन्ही मजल्यांचा सांगाडा, छप्पर आणि बाहेरचं प्लास्टर आताच करावं. वरची फरशी, दारं, रंग, स्वयंपाकघराचा ओटा राहू द्यावा. पैसे फारच कमी असतील तर सळया सिमेंटच्या रबडीने माखून हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यात पूर्ण झाकाव्यात. नुसतं प्लास्टिक गुंडाळलं तर आत दमटपणा कोंडतो आणि गंज आणखी वेगाने धरतो.

जिना

जिना घराच्या दर्शनी कडेला, पडवीतून थेट शिरता येईल असा हवा. पश्चिम आणि नैऋत्य बाजू टाळा, पाऊस तिकडूनच मारतो. उघडा बाहेरचा जिना स्वस्त पडतो, पण पावसाळ्याचे चार महिने त्यावर शेवाळ असतं आणि वर राहणारा माणूस रोज जीव मुठीत धरून उतरतो. छपराखालचा, तीन बाजूंनी बंद, वर जाळीची खिडकी असलेला जिनाच करावा.

मापं काढून दाखवतो. मजल्यापासून मजल्यापर्यंत ३.२ मीटर. १९ पायऱ्या धरल्या तर एकेकीची उंची १६८ मिलिमीटर, म्हणजे ६ इंच ५ सूत. पाय ठेवायला २५० मिलिमीटर, म्हणजे १० इंच. खालच्या टप्प्यात १० चढ, वरच्या टप्प्यात ९. प्रत्येक टप्पा १ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर फट, म्हणून जिन्याच्या खोलीची आतली रुंदी २.१ मीटर. लांबीसाठी ९ पावलांचे २.२५ मीटर, मधला चौक १ मीटर आणि पायथ्याशी उभं राहायला, चपला काढायला, छत्री ठेवायला दीड मीटर. एकूण ४.७५ मीटर. म्हणजे ७ फूट गुणिले साडेपंधरा फूट एवढी जागा नकाशात आधी राखून ठेवायची आणि मग बाकीच्या खोल्या बसवायच्या.

इथे एक चूक वारंवार होते. वरच्या घराचं बाहेरचं दार मधल्या चौकाखाली काढतात. दहा पायऱ्या चढून चौक १.६८ मीटरवर येतो, त्यातून स्लॅबची जाडी वजा केली की खाली दीड मीटरच उरतं. तिथून वाकल्याशिवाय जाता येत नाही. दार पायथ्याच्या चौकातच हवं. चौकाखालच्या त्या ठेंगण्या जागेत पंपाचा स्टार्टर, झाडू, सायकल जाईल.

पायथ्याच्या चौकाला दोन उघडी (भिंतीत सोडलेल्या मोकळ्या जागा) ठेवायची. एक पडवीकडे, तिथे आताच पक्कं दार. दुसरं खालच्या घराच्या माजघराकडे, सव्वा ते दीड मीटर रुंद आणि बिनदाराचं. एकत्र कुटुंब याच उघडीतून वर-खाली करेल. पुढे ही उघडी भरली की दोन घरं झाली. ती भरणं सोपं जावं म्हणून आज चार गोष्टी करून ठेवायच्या. उघडीवर लिंटेल, म्हणजे वरचं वजन पेलणारी आडवी पट्टी, दोन्ही बाजूंना निदान २० सेंटिमीटर टेकू देऊन. उघडीखाली जोत्याचा बीम सलग. त्या जागी जमिनीत दिव्याची वा नळाची कुठलीही लाइन नाही. आणि फरशी लावताना उघडीच्या रेषेत भिंतीच्या जाडीएवढी ग्रॅनाइटची वेगळी पट्टी. पुढे पट्टी उचलली की गवंडी थेट बीमवर भिंत चढवतो, आजूबाजूची एकही फरशी फुटत नाही. गुळगुळीत फरशीवरच भिंत उभी केली तर तिला धर मिळत नाही आणि तळाशी कायमची भेग राहते.

सांगाडा आणि चिरा

चिऱ्याच्या वजनपेलू भिंती आणि वर स्लॅब, हे कोकणात अजूनही उत्तम बांधकाम आहे. पण अशा घरात नंतर भिंत फोडून दार काढणं धोक्याचं, कारण भिंतच वरचा मजला धरून असते. पुढे जिथे जिथे दार लागेल तिथे तिथे आताच लिंटेल टाकून खालचा भाग चिऱ्याने नुसता भरून ठेवावा आणि भराव बाजूच्या भिंतीत अडकवू नये. ही जागा नकाशावर लाल शाईने दाखवावी. कॉलम-बीमचा सांगाडा असेल तर ही कटकट कमी.

काँक्रीटबद्दल कंजुषी नको. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे उघड्या किनारी हवेतल्या सळईकामाला निदान एम ३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण लागतं. समुद्राचे तुषार थेट अंगावर येत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. प्रत्यक्षात गवंडी २० मिलिमीटरच्या ठोकळ्यांवर सळई ठेवतो, कारण त्याला सवय तीच. ठोकळे आपण आणून द्यावेत आणि स्लॅब ओतण्याआधी टेपने मोजावेत. खाडीतली वाळू स्वस्त आणि जवळ मिळते, पण तिच्यातलं मीठ सळई आतून खातं. आठ-दहा वर्षांनी स्लॅबच्या पोटाशी भेगा दिसतात आणि पोपडे पडू लागतात. दोन घरं झाल्यावर हा पोपडा खालच्या घराचं छत आणि वरच्या घराची जमीन असतो, मग खर्च कुणी करायचा यावर वाद. स्लॅबला क्रशरची धुतलेली वाळू वापरावी.

दोन बिऱ्हाडांमधला आवाज हाही सांगाड्याचाच प्रश्न. वर-खाली असेल तर मधली स्लॅब १५० मिलिमीटर ठेवली आणि वर ५० मिलिमीटरचा थर घेऊन फरशी लावली तर चालण्याचा, खुर्ची सरकवण्याचा आवाज काहीसा कमी होतो. शेजारी-शेजारी असेल तर मधली भिंत नऊ इंची चिऱ्याची, दोन्ही अंगांनी प्लास्टर केलेली. आणि ती थेट कौलांच्या पोटापर्यंत न्यायची. माळ्याच्या पातळीला ती थांबवली तर वरून बोलणं, उंदीर आणि धूर तिन्ही या घरातून त्या घरात जातात. मात्र भिंत कौलांच्या वर काढू नये. कौल आणि भिंत भेटते तिथली सांध पावसात कधीच कोरडी राहत नाही. भिंतीचा माथा कौलांच्या उताराने छाटून चुन्यात किंवा हलक्या मॉर्टरमध्ये कौलं बसवली की काम झालं.

छपराचा आढा रस्त्याला समांतर ठेवला तर प्रत्येक घराच्या पागोळ्या आपापल्या पुढच्या-मागच्या अंगणात पडतात. आढा आडवा फिरवला तर एका घराचं पाणी दुसऱ्याच्या बाजूला पडू शकतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात आदळलं तेव्हा पत्रे कसे उडाले हे रायगड-रत्नागिरीने पाहिलं आहे. छप्पर दोन घरांवर एकच असलं तरी कैच्या भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टने धराव्यात, आणि बोल्ट-नट जस्ताचे नकोत, स्टेनलेस ३१६ चे घ्यावेत.

पाणी आणि सांडपाणी

वरच्या घराचं भावी स्वयंपाकघर खालच्या स्वयंपाकघराच्या बरोबर डोक्यावर, संडास-बाथरूम संडास-बाथरूमवर. आज ती वरची खोली अभ्यासाला किंवा पाहुण्यांना वापरा, पण तिच्यात पुढचं सगळं घालून ठेवा: पाऊण इंची पाण्याची लाइन टोपण लावून, जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर बाहेरच्या भिंतीतून आरपार ५० मिलिमीटरचा पाइप सिंकसाठी, चिमणीसाठी सहा इंची भोक आतून-बाहेरून झाकलेलं, ओट्याच्या रेषेत १६ अँपिअरचे तीन पॉइंट. ओटा जिथे येणार त्या भिंतीखाली बीम हवा. ग्रॅनाइट, कडाप्पा आणि भरलेले डबे मिळून वजन कमी नसतं.

संडास-बाथरूमला मात्र खरा विचार लागतो. वरच्या बाथरूमचे पाइप खालच्या घराच्या छताला लटकवले आणि फॉल्स सीलिंगने झाकले तर काम स्वस्त आणि झटपट होतं. पुढे वरचा ट्रॅप तुंबला की प्लंबरला खालच्या घरात शिडी लावावी लागते. वरच्या भाडेकरूचं मैलापाणी आणि खालच्या म्हाताऱ्या माणसांचं न्हाणीघर, हा झगडा कायमचा. म्हणून वर स्लॅब २५ ते ३० सेंटिमीटर खाली दाबलेली, म्हणजे संक केलेली हवी आणि पाइप त्यातूनच बाहेरच्या भिंतीकडे जावेत. संकला वॉटरप्रूफिंग करून ७२ तास पाणी भरून ठेवावं आणि खाली ओल येते का ते पाहावं. सगळ्यांत खालच्या कोपऱ्यातून ४० मिलिमीटरचा छोटा पाइप बाहेर काढावा. आत कधी गळती झालीच तर तो बाहेर ठिबकून आधी सांगतो, छत ओलं व्हायची वाट पाहावी लागत नाही. बाथरूम लगेच बांधायचं नसेल तर संकमध्ये मातीचा किंवा चिऱ्याच्या तुकड्यांचा भराव टाकू नये, तो पाणी धरून ठेवतो. छोटे खांब उभारून त्यावर कडाप्पा टाकावा आणि वर तात्पुरती फरशी. पुढे कडाप्पा उचलला की जागा तयार.

उभे पाइप भिंतीच्या बाहेरून, वळचणीखालून. चिऱ्यात खाचा मारून पाइप गाडू नयेत. मैल्याचा ११० मिलिमीटर, न्हाणी-स्वयंपाकघराचा ७५ मिलिमीटर, आणि दोन्ही घरांचे अगदी वेगळे. जमिनीखाली मीटरला दोन सेंटिमीटर उतार आणि प्रत्येक वळणावर तपासणीची चेंबर. सेप्टिक टँकपर्यंत दोन्ही लाइनी स्वतंत्र गेल्या की चोकअप कुणाचा हे झाकण उघडल्यावर कळतं.

सेप्टिक टँकची मापं आयएस २४७० मध्ये आहेत: पाच माणसांना आतून १.५ गुणिले ०.७५ मीटर, दहा माणसांना २ गुणिले ०.९ मीटर. पाण्याची खोली निदान १ मीटर आणि वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा. प्रत्येक घराला दहा माणसांची एक टाकी, असं धरावं. घरात माणसं चार असतील, पण गणपतीत तीच वीस होतात आणि टाकीला सुट्टी नसते. दुसरी टाकी पुढे बांधायची असली तरी तिचा खड्डा आताच खणून घ्यावा. जांभा फोडायला ब्रेकर लागतो, आणि घर उभं राहिल्यावर जेसीबी मागच्या बाजूला जाईलच असं नाही. खड्डा बाजूने बांधून, झाकून ठेवावा. शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर, म्हणजे साठ फुटांवर आणि विहिरीच्या खालच्या उताराला. जांभ्यात भेगा असतात, पाणी त्यातून कुठे वाट काढेल सांगता येत नाही, त्यामुळे अंतर जितकं वाढवता येईल तितकं वाढवावं. शेजाऱ्याची विहीरही मोजायची. पुळणीलगतच्या वाळूत जुलैमध्ये पाणी हाताभरावर येतं, तिथे खोल शोषखड्डा भरूनच राहतो. उंचवट्यावरचा उथळ, लांब चर तिथे जास्त काम करतो.

पिण्याच्या-वापराच्या पाण्यासाठी माणशी १३५ लिटर धरले तर पाच माणसांना ६७५ लिटर होतात. तेव्हा प्रत्येक घराला १००० लिटरची स्वतःची टाकी. आज एकच घ्या, पण बैठक दोन्हींची करा. जिन्याच्या खोलीची स्लॅब छपराहून उंच घेऊन तिच्यावर टाक्या ठेवल्या तर वरच्या घरातल्या शॉवरपर्यंत तीन मीटरचा दाब मिळतो आणि टाकीकडे जाण्याचा रस्ता कुणाच्या घरातून जात नाही. दोन भरलेल्या टाक्या म्हणजे दोन टनांहून जास्त वजन, ते इंजिनिअरला आधी सांगायचं. टाक्या पट्ट्यांनी बांधायच्या. वादळात रिकामी टाकी उडते. विहिरीवरचा पंप एकच चालेल, पण त्याचा पाइप वर जाऊन दोन कॉकमध्ये फुटावा आणि प्रत्येक टाकीला आपला फ्लोट असावा.

वीज

आज मीटर एक, पण वितरण पेट्या दोन. खालच्या घराची एक, वरच्या घराची एक, पहिल्या दिवसापासून. मीटरची पाटी पडवीत, पाऊस न लागणाऱ्या, दोन्ही दारांपासून सारख्या जवळ असलेल्या भिंतीवर, आणि तिच्यावर दोन मीटरची जागा. तिथून वरच्या पेटीपर्यंत ४० मिलिमीटरचा वेगळा पाइप, आत ओढतार घालून. आज त्यातून १० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल जाऊ द्या, पुढे फक्त तिचं टोक नव्या मीटरला जोडायचं.

खरी गडबड न्यूट्रलमध्ये, म्हणजे प्रवाहाच्या परतीच्या तारेत, होते. वायरमन वायर वाचवायला वरच्या जिन्याच्या दिव्याचा न्यूट्रल खालच्या सर्किटमधून घेतो. मीटर एक असेतो काहीच कळत नाही. दोन मीटर झाले आणि दोन्ही पेट्यांत ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारे स्विच) बसवले की ते कारणाशिवाय पडायला लागतात, कारण एका पेटीतून गेलेला प्रवाह दुसरीतून परत येतो. मग सगळं वायरिंग उकलून बघावं लागतं. काम चालू असतानाच तपासावं: वरच्या पेटीचा मुख्य स्विच बंद करून दोन्ही तारा सोडवायच्या, मग खालच्या घरातले सगळे दिवे-पंखे लागतात का पाहायचं. तेच उलट. एकही दिवा विझला तर न्यूट्रल कुठेतरी मिसळला आहे. इन्व्हर्टरची लाइनही याच नियमाने वेगळी.

जिन्याचा दिवा आणि पंप सामाईक असतात. जिन्याचा दिवा वरच्या घराच्या मीटरवर टाकावा, कारण तो जिना वापरतं तेच. पंपाला छोटा सब-मीटर लावून बिल वाटावं. अर्थिंगचे खड्डे दोन, आणि ते शक्यतो नळाचं किंवा न्हाणीचं पाणी मुरतं तिथे. कातळाच्या सड्यावर मे महिन्यात जमीन इतकी कोरडी पडते की अर्थिंग असून नसल्यासारखं होतं.

महावितरणचा घरगुती दर १००, ३००, ५०० युनिटच्या टप्प्यांनी वाढत जातो, त्यामुळे दोन मीटर झाल्यावर दोन्ही घरांचं मिळून बिलही कमी येऊ शकतं. पण एकाच कुटुंबाने एकाच घरात टप्पे वाचवायला दुसरा मीटर मागितला तर मिळत नाही. स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि घरपट्टीची स्वतंत्र नोंद असेल तर मागणी सरळ मंजूर होते.

उघडी भरताना

वेगळं व्हायचं ठरलं की काम साधारण पंधरवड्याचं. ग्रॅनाइटची पट्टी काढा, बीमचा माथा टाचून पाणी मारा, सहा इंची भरीव सिमेंटच्या ब्लॉकची भिंत घाला. हलके एएसी (आत हवेच्या पोकळ्या असलेले) ब्लॉक घातले तर आवाज जास्त येतो. एका दिवसात चार फुटांवर चढवू नका. लिंटेलखाली दोन बोटं फट ठेवा, आठवडाभराने ती न आकसणाऱ्या मॉर्टरने ठासून भरा. लगेच भरली तर भिंत बसते आणि वर केसाएवढी भेग उरते, आवाज तिथूनच येतो. जुनी-नवी भिंत जिथे मिळते तिथे प्लास्टरखाली जाळी हवी, पण कोंबडीची लोखंडी जाळी नको. दोन पावसाळ्यांत ती गंजून भिंतीवर तांबडे डाग उठवते. काचतंतूंची जाळी घ्यावी, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल अशी.

भरण्याआधी एक विचार करावा: गणपती कुठे बसणार? बहुतेक घरांत तो मूळ घरातच राहतो, म्हणजे खालच्या माजघरात, आणि वरचं बिऱ्हाड आरतीला खाली येतं. माजघर पडवीच्या बाजूला ठेवून मध्ये रुंद, चार पानी दार ठेवलं तर तीस माणसं आरतीला उभी राहतात, जिन्याची उघडी बंद झाली तरी वरची माणसं पडवीतून सरळ आत येतात. बारा फूट गुणिले अठरा फूट माजघर आणि पुढे आठ फूट पडवी, एवढं असेल तर सण कुणाच्या स्वयंपाकघरातून जात नाही.

कागद

पहिली गोष्ट सातबारा. कोकणात एका गटावर दहा-पंधरा सहहिस्सेदारांची नावं असणं रोजचं आहे. सामाईक जमिनीवर बांधलेलं घर पुढे दोघा भावांत वाटताना चुलत घराण्यातली सगळी नावं समोर येतात. आधी पोटहिस्सा, मोजणी, मग बिगरशेतीचं काही लागत असेल तर ते, आणि बांधकाम परवानगी. समुद्र ५०० मीटरच्या आत किंवा खाडी अगदी जवळ असेल तर २०१९ ची किनारा नियमन अधिसूचना लागू होते का, आणि भरतीरेषेपासून बांधकामबंदीचं अंतर आपल्या गावाला ५० मीटर आहे की २००, हे परवानगी मागण्याआधी नकाशावर काढून घ्यावं.

दुसरी गोष्ट, परवानगीच्या नकाशात पहिल्यापासून ‘दोन निवासी युनिट’ दाखवावं, वरचं स्वयंपाकघर ठिपक्यांच्या रेषेने का होईना. एकच घर म्हणून मंजुरी घेतली तर पुढे सुधारित परवानगी, तेव्हाचे पार्किंगचे आणि चटईक्षेत्राचे नियम, सगळं नव्याने. ग्रामपंचायतीत नमुना ८ ला दोन घरांची नोंद वेगळी होते, ती नोंदच मीटरला, कर्जाला आणि विक्रीला उपयोगी पडते.

मालकीचा प्रश्न बहुतेकांना चुकीच्या दिशेने नेतो. दोनच घरं असतील तर गृहनिर्माण सोसायटी होत नाही, आणि १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा पाच किंवा जास्त अपार्टमेंटसाठी आहे. दोघांसाठी सरळ मार्ग म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र. आईवडिलांनी राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. ते नेमकं किती, आणि त्यावर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च किती, ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारावं. शेजारी-शेजारी घरं असतील आणि जमीनही तोडायची असेल तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आपल्या जागेला लागतो का, हे तलाठ्याकडून आणि भूमी अभिलेख कार्यालयातून काढावं.

दस्ताला नकाशा जोडावा, वरचं-खालचं घर रंगाने वेगळं दाखवून. जमिनीतला अविभक्त हिस्सा दोघांचा किती हे आकड्यात. विहीर, अंगण, फाटक, सेप्टिक टँकचा रस्ता, टाक्यांची बैठक, यांवर दोघांचा वापरहक्क. छप्पर दोघांचं, त्याचा खर्च दोघांत, वरच्याने एकट्याने सोसायचा नाही. वर आणखी मजला चढवण्याचा हक्क कुणाला, की कुणालाच नाही, हे नाव घेऊन लिहावं. दोघांत बहुमत होत नसतं, तेव्हा मतभेद झाला तर दुरुस्तीचा शब्द कुणाचा, तो इंजिनिअर किंवा नातेवाईक आजच ठरवून दस्तात घालावा. आणि प्लंबिंग-वायरिंगचा प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा, लाल शाईने दाखवलेल्या भरलेल्या उघड्यांसकट, दोन प्रती काढून एकेक प्रत प्रत्येक घराच्या वितरण पेटीशेजारी लॅमिनेट करून ठेवावी. स्लॅब ओतण्याआधी आणि प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून काढलेला फोटोही त्याच फायलीत.